घरांतील हिंसा व एका विद्यापीठाचा धडा

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबसभेंत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगीं आपण मागील काळाचा हिशेब मांडीत असतों. किती बालकांचा बाप्तिस्मा झाला, किती विवाह लागले, शाळेंतून किती मुलें शिकून बाहेर पडलीं, या सर्वांची नोंद चर्चच्या दप्तरांत तारीखवार सांपडते. परंतु त्या विवाहित जोडप्यांपैकीं किती घरांत दिवेलागणीनंतर हात उगारला जातो, याची नोंद कोठेंच नाहीं. आज मला जो विषय दिला आहे, तो त्या कोऱ्या राहिलेल्या पानाचा आहे. उत्सवाच्या दिवशीं असा विषय कशाला, असें कोणास वाटल्यास त्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें, कीं जिच्या अंगावर वळ आहेत अशी एखादी भगिनी सणाचें वस्त्र नेसून आज आपल्यांतच बसलेली असूं शकेल.

हें मी अंदाजानें बोलत नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत भारत सरकारची पांचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी पार पडली. तींत १८ ते ४९ वर्षें वयाच्या विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा २९ जणींनीं पतीच्या हातून मारहाण वा लैंगिक बळजबरी सोसल्याचें सांगितलें. महाराष्ट्रांत हें प्रमाण शेंकडा २५, म्हणजे चार विवाहितांमागें एक, असें निघालें. परंतु याहूनही जड असा आंकडा दुसराच आहे. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा ७७ जणींनीं कधीं कोणाकडे मदत मागितली नाहीं आणि कोणाजवळ शब्दही काढला नाहीं. मदत मागणाऱ्या शेंकडा अवघ्या १४ होत्या. त्याही बहुधा माहेरच्या माणसांकडे गेल्या, पोलिसांपर्यंत पोंचलेल्या फार थोड्या. त्याच पाहणींत, कांहीं ना कांहीं कारणासाठीं नवऱ्यानें बायकोवर हात टाकणें योग्य आहे असें म्हणणाऱ्या स्त्रिया शेंकडा ४५ व पुरुष शेंकडा ४४ आढळले. मारणारा व मार खाणारी या दोघांनाही जेथें एकच पाठ शिकविला गेला आहे, तेथें तोंड कोण उघडणार?

या मौनावर उपाय शोधण्याचें काम मुंबईंतील एका विद्यापीठानें केलें. त्याची हकीकत आपणांपुढें मांडावी, असा माझा हेतु आहे. ही संस्था म्हणजे देवनार येथील टाटा समाजविज्ञान संस्था. तिचा आरंभ १९३६ सालीं नागपाडा येथें सर दोराबजी टाटा यांच्या नांवाचें समाजकार्य-विद्यालय म्हणून झाला. तिचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅन्शर्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते; नागपाड्याच्या दाट वस्तींत त्यांनीं चालविलेल्या सेवाकेंद्राच्या अनुभवांतून या विद्यालयाची कल्पना निघाली. १९४४ सालीं संस्थेस आजचें नांव मिळालें व १९६४ सालीं विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला.

वर्गांत शिकविलें जाणारें ज्ञान वस्तींत नेऊन पारखावें, ही तिची आरंभापासूनची रीत. तिला अनुसरून १९८४ सालीं संस्थेनें मुंबई पोलीस आयुक्तांच्या कार्यालयांत महिला व मुलांसाठीं विशेष कक्ष उघडला. त्या काळीं हुंड्यापायीं जळून मरणाऱ्या सुनांच्या बातम्यांनीं देश हादरला होता. आदल्याच वर्षीं, १९८३ सालीं, भारतीय दंडसंहितेंत ४९८-अ हें कलम घालून पतीची व सासरची क्रूरता हा गुन्हा ठरविण्यांत आला होता. कायदा झाला, पण ठाण्याची पायरी चढून आलेल्या बाईशीं बोलावें कसें, हें शिपायास कोणी शिकविलें नव्हतें. पोलीस म्हणत, हें घरचें भांडण; नातेवाईक म्हणत, पोलिसांत जाऊन घराण्याची अब्रू घालवूं नको. या दोन नकारांच्या मध्यें एक खुर्ची मांडावी आणि तीवर शिक्षण घेतलेली समाजकार्यकर्ती बसवावी, इतकी साधी ही योजना होती.

पोलिसांच्या इमारतींत बसूनही ही कार्यकर्ती पोलीस नसते. तिच्या अंगावर वर्दी नाहीं, हातांत दंडुका नाहीं. मात्र ती ज्या छपराखालीं बसते त्याचा धाक मारणाऱ्यास असतो, आणि जरूर पडल्यास अंमलदारास हांक मारण्याचें अंतर चार पावलांचें असतें. आलेल्या स्त्रीचें म्हणणें पूर्ण ऐकून घेणें, तिला व तिच्या मुलांना आज रात्रीं सुरक्षित निवारा आहे कीं नाहीं हें पाहणें, आधारगृह, रुग्णालय व वकील यांच्याशीं तिची गांठ घालून देणें, सासरीं अडकलेलें स्त्रीधन परत मिळवून देणें, आणि तिची इच्छा असल्यास पतीस बोलावून मार थांबविण्याबद्दल बोलणी करणें, हें सर्व तिचें काम. मुंबईच्या अनुभवानंतर २००१ पासून असे कक्ष राज्याच्या इतर जिल्ह्यांतही उघडूं लागले. २००५ सालीं महाराष्ट्र शासनाच्या महिला व बालविकास विभागानें त्यांची जबाबदारी पत्करली. पुढें इतर कांहीं राज्यांनींही हा कित्ता गिरविला.

येथें कोणी विचारील, कीं हें तर दयेचें काम; एखाद्या सेवाभावी मंडळानें तें करावें, विद्यापीठाचें त्यांत काय? उत्तर असें, कीं वैद्यकीय महाविद्यालयास जसें रुग्णालय जोडलेलें असतें, तसा या विद्यापीठास हा कक्ष जोडलेला होता. जेथें उपचार, तेथेंच अभ्यास. कोणत्या उपायानें मार थांबला, कोणत्या उपायानें वाढला, हें नोंदीवरून तपासावें, विद्यार्थ्यांस शिकवावें व पोलिसांस समजावून सांगावें, हें विद्येचें काम आहे. केवळ दया असली तर ती कित्येकदां चुकीचा सल्ला देते. या अभ्यासाचे तीन धडे मी आपणांस सांगतों.

पहिला धडा दारूविषयीं. सर्व अनर्थाचें मूळ दारू, असें आपल्याकडे सर्रास म्हटलें जातें. वर सांगितलेल्या पाहणींत वारंवार पिऊन झिंगणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांपैकीं सुमारें शेंकडा ७० जणींनीं हिंसा सोसलेली आढळली. दारू आगींत तेल ओतते, हें यावरून निर्विवाद ठरतें. पण मुळींच न पिणाऱ्यांच्या बायकांतही हें प्रमाण सुमारें शेंकडा २३ होतें. तेव्हां आग आधींपासून होती, असें म्हणणें भाग आहे. जो मनुष्य गुत्त्यांत सर्वांशीं हंसून बोलतो, मालकासमोर मान खालीं घालतो, आणि घरीं आल्यावरच ज्याचा हात सुटतो, त्याचा तोल केवळ दारूनें गेलेला नसतो. कोणावर हात टाकला असतां जाब विचारला जाणार नाहीं, हें त्याला पक्कें ठाऊक असतें.

दुसरा धडा आपल्या घाईस लगाम घालणारा आहे. एवढा मार खाते तर निघून कां जात नाहीं, असें विचारणारे पुष्कळ. तिच्या नांवावर घर नाहीं, हातीं पैसा नाहीं, मुलांची शाळा चालू आहे, आणि माहेरीं धाकट्या बहिणीचें लग्न व्हावयाचें आहे. शिवाय निरनिराळ्या देशांतील संशोधनांतून असें दिसून आलें आहे, कीं स्त्री घर सोडूं लागते तेव्हां व त्यानंतरच्या कांहीं काळांत तिच्या जिवास असलेला धोका वाढतो. कारण आपला ताबा सुटतो आहे, हें मारणाऱ्याच्या ध्यानांत येतें. म्हणून शिकलेली कार्यकर्ती ‘आजच नीघ’ असेंही सांगत नाहीं व ‘परत जा’ असेंही सांगत नाहीं. कागदपत्रें कोठें ठेवावीं, अडचणीच्या रात्रीं कोणाचें दार वाजवावें, मुलांस काय सांगून ठेवावें, याची योजना ती आधीं त्या स्त्रीबरोबर आंखते. निर्णय स्त्रीचा असतो. त्यास बळ देणें एवढेंच कार्यकर्तीचें काम.

तिसरा धडा आपणांस विशेष लागू आहे. नवराबायकोस समोरासमोर बसवून ‘दोघांनींही थोडें थोडें सोसा’ असें सांगणें, ही आपली जुनी रीत. भांडण बरोबरीचें असेल तेथें ती चांगलीच आहे. पण जेथें एकाची दुसऱ्यास दहशत आहे, तेथें त्याच्यासमोर ती खरें बोलणार नाहीं. आणि बोललीच, तर घरीं गेल्यावर त्याची किंमत तिला चुकवावी लागेल. याकरितां प्रथम तिचें एकटीचें म्हणणें ऐकावें, मार थांबल्याची खात्री करून घ्यावी, आणि मगच, तिला हवा असेल तर, समेटाचा विचार करावा. ‘सांभाळून घे, बाई’ हे तीन शब्द आपण धीर म्हणून देतों. पण ते ऐकून परतलेली बाई पुन्हां कोणाजवळ तोंड उघडीत नाहीं. न बोलणाऱ्या त्या शेंकडा ७७ स्त्रियांत अशा परतलेल्या भगिनींची भर पडत असते.

कायद्याचें साह्यही आतां पूर्वीपेक्षां अधिक आहे. ४९८-अ या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनीं घेतली आहे. त्याशिवाय कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचें संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आहे. त्यानें मारहाणीबरोबरच लैंगिक छळ, शाब्दिक व मानसिक छळ आणि पैशाची कोंडी यांसही हिंसाचारांत गणलें आहे. पत्नीप्रमाणेंच त्याच घरांत राहणारी आई, बहीण, मुलगी व विधवा सून यांनाही त्याचा आश्रय मिळतो. घर कोणाच्याही नांवावर असो, तेथें राहण्याचा तिचा हक्क तो मान्य करतो. मॅजिस्ट्रेट तिला संरक्षणाचा, निवासाचा, खर्चाच्या रकमेचा व मुलांच्या ताब्याचा हुकूम देऊं शकतात; संरक्षणाचा हुकूम मोडणारास १ वर्षापर्यंत कैद वा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

याच अधिनियमाचें चौथें कलम आपण प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें. एखाद्या घरीं हिंसाचार झाला आहे, चालू आहे किंवा होण्याचा संभव आहे, असें मानण्यास ज्याला कारण असेल असा कोणीही मनुष्य संरक्षण अधिकाऱ्यास तसें कळवूं शकतो. आणि सद्भावनेनें कळविणारावर दिवाणी वा फौजदारी कसलीही जबाबदारी येत नाहीं. भिंतीपलीकडचा आक्रोश ऐकून टीव्हीचा आवाज वाढविणाऱ्या शेजाऱ्यास ‘मी कशाला मध्यें पडूं’ ही सबब आतां उरलेली नाहीं.

राहिला प्रश्न विवाहसंस्काराचा. विवाहबंधन अतूट आहे, तेव्हां मार खाऊनही राहणें हेंच धर्माचें सांगणें, अशी कित्येक भोळ्या भगिनींची समजूत असते. ती खरी नव्हे. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेंतील ११५३ वें कलम असें सांगतें, कीं पति वा पत्नी जर जोडीदाराच्या किंवा मुलांच्या आत्म्यास वा शरीरास गंभीर धोका उत्पन्न करीत असेल, तर त्या जोडीदारास वेगळें राहण्याचें न्याय्य कारण मिळतें. त्यासाठीं धर्माधिकाऱ्यांचा आदेश घ्यावयाचा असतो. पण विलंबांत धोका असल्यास स्वतःच्या अधिकारानेंही निघतां येतें. धोका टळला म्हणजे सहजीवन पुन्हां सुरू करावें, असेंही तेथें म्हटलें आहे. पोप फ्रान्सिस यांनींही २०१६ च्या ‘आमोरिस लेतीत्सिया’ या पत्रांत, दुबळ्या जोडीदारास व मुलांस हिंसेपासून वांचविण्यासाठीं विभक्त राहणें कधीं कधीं नैतिक दृष्ट्याही आवश्यक होतें, असें शिकविलें. अशा विभक्त राहण्यानें विवाहबंधन तुटत नाहीं. जीव मात्र वांचतो.

मग आपण काय करावें? वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत २००० सालीं मुंबई महानगरपालिका व ‘सेहत’ ही संशोधनसंस्था यांनीं ‘दिलासा’ नांवाचें केंद्र उघडलें. पोलिसांच्या दारीं जशी खुर्ची मांडली गेली, तशीच ती दवाखान्याच्या दारींही मांडली गेली. तिसरें दार आपलें आहे. जी स्त्री ठाण्याची पायरी चढण्यास धजत नाहीं, ती रविवारीं चर्चची पायरी चढते. आणि ती आली असतां तिचा नवराही शंका घेत नाहीं.

म्हणून माझ्या सूचना अगदीं लहान आहेत. धर्मग्रामांतील दोन-तीन समंजस भगिनींनीं अशा केंद्रांतून रीतसर शिक्षण घ्यावें. त्यांच्यासाठीं आठवड्यांतून एक संध्याकाळ एक खोली राखून ठेवावी, आणि तेथें बोललेला शब्द त्या खोलीबाहेर जाऊं नये. चर्चच्या फलकावर १८१ हा महिलांच्या मदतीचा दूरध्वनि क्रमांक, ११२ हा तांतडीच्या मदतीचा क्रमांक, व आपल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता ठळक अक्षरांत लावावा. विवाहपूर्व शिबिरांत वधूवरांस हा विषय उघडपणें शिकवावा. आणि आपणां पुरुषांस मी कळकळीनें विनवितों, कीं आपल्या मित्राचा हात सुटतो हें ठाऊक असतां त्याच्याबरोबर हंसत बसूं नये. त्यास बाजूस घेऊन स्पष्ट सांगावें, कीं हें आम्हांस मान्य नाहीं. बायकोच्या शंभर विनवण्यांनीं जें होत नाहीं, तें मित्राच्या एका शब्दानें कधीं कधीं होतें.

एखादी भगिनी आज संध्याकाळीं किंवा उद्यां आपणांपैकीं कोणाजवळ येऊन अडखळत बोलूं लागली, तर तिला अडवूं नका. तिचें बोलणें पुरें होऊं द्या, आणि ‘यांत तुझा दोष नाहीं’ एवढें वाक्य आधीं उच्चारा. पुढील मार्ग दाखविण्यास जाणतीं माणसें आहेत.