भिंतीआडची गळती
(नभोवाणीवरील भाषण)



नळाची तोटी ठिबकूं लागली कीं घरांतलें कोणी ना कोणी कुरकुरतें. मोरींतला तो टपटप आवाज रात्रीं झोंप येऊं देत नाहीं. सकाळीं गृहिणी यजमानांस आठवण करते. यजमान दोन दिवस चालढकल करतात. आणि शेवटीं चार आण्यांच्या किंमतीचें म्हणावें असें एक रबरी वॉशर बदललें कीं सगळें शांत होतें. ही झाली उघडी गळती. ती आपली तक्रार आपणच घेऊन येते. मी आज बोलणार आहें ती गळती निराळी. ती भिंतींत, लादीखालीं, जमिनींत किंवा दोन मजल्यांच्या मधल्या स्लॅबमध्यें असते. तिला आपल्या कानांना सहज ऐकूं येईल असा आवाज नसतो. पाण्याच्या बिलावरचा आंकडा वाढतो, कपाटामागें कोंदट वास येऊं लागतो, छताचा रंग फुगून पोपडे गळतात, तेव्हां आपण जागे होतों; आणि तोंपर्यंत महिने, क्वचित् वर्षेंहि, लोटलेलीं असतात.

अशा वेळीं आपण बहुधा एकच गोष्ट करतों. छिन्नी-हातोडा घेऊन येणारा कारागीर बोलावतों, आणि ओल दिसेल तेथें भिंत फोडावयास सांगतों. माझें आजचें सांगणें एवढेंच आहे कीं, छिन्नी ही शेवटची पायरी होय. पहिली पायरी मोजण्याची. फोडण्याआधीं मोजावें, आणि दुरुस्तीनंतर पुन्हां मोजावें.

प्रथम गळतीचा हिशेब पाहूं. अर्धा लिटर मावणारा तांब्या एका तासांत भरेल इतकी क्षुल्लक गळती घ्या. तिच्यांतून दिवसाला १२, महिन्याला ३६० आणि वर्षाला ४,३८० लिटर पाणी जातें. आतां त्याहून मोठी, पण तरीहि सुतासारखी बारीक धार घ्या. लिटरभराचें भांडें ती दोन मिनिटांत भरते. तिचें पाणी दिवसाला ७२० लिटर होतें. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आंखतांना आपल्याकडे माणशीं दररोज १३५ लिटर धरण्याचा प्रघात आहे. म्हणजे त्या सुताएवढ्या धारेंतून पांच माणसांच्या कुटुंबाचें दिवसाचें सारें पाणी वाहून जातें, आणि कोणाला पत्ता लागत नाहीं. तें पाणी तरी कोठून येतें? तानशाचें पाणी मुंबईस १८९२ सालीं आलें. पुढें वैतरणा आणि भातसा यांचेंहि आलें. डोंगरांत धरणें बांधून, मैलोगणती नळ टाकून, शुद्ध करून आणलेलें तें पाणी आपल्या घराच्या पायांत मुरून जावें, यासारखी उधळपट्टी नाहीं.

परंतु पाणी वायां जातें हा या प्रकरणांतला त्यांतल्या त्यांत लहान तोटा आहे. सिमेंट-काँक्रीटच्या घराचें बळ त्याच्या आंतल्या लोखंडी सळ्यांत असतें. ओल सळीपर्यंत पोंचली कीं लोखंड गंजतें, आणि गंज मूळ लोखंडापेक्षां कित्येक पट जागा व्यापतो. तो आंतून रेटा देतो, काँक्रीटला चीर पडते, चिरेंतून आणखी ओल शिरते, आणि एके दिवशीं छताची खपली खालीं कोसळते. भिंतींतून विजेच्या ताराहि गेलेल्या असतात. ओली भिंत आणि जुनी तार यांची गांठ पडणें जिवावर बेतूं शकतें. बटणाच्या पेटीभोंवतीं ओल दिसली, किंवा भिंतीला अगर नळाला हात लावतांच झिणझिणी आली, तर त्या भागाचा वीजपुरवठा मुख्य बटणापाशीं बंद करून आधीं विजेच्या कारागिराला बोलवावें, प्लंबर मागाहून.

तिसरा धोका आरोग्याचा आहे, आणि तो फारच थोड्यांच्या लक्षांत येतो. आपल्या बहुतेक शहरांत नळाला पाणी ठराविक तासच येतें. पाणी चालू असतां नळांत दाब असतो, म्हणून भोंकांतून पाणी बाहेर जातें. पाणी बंद झालें कीं नळ रिकामा होऊं लागतो, आणि त्या वेळीं तोच नळ भोंवतालचें पाणी आंत ओढूं शकतो. जवळून फुटकें गटार जात असेल, तर दुसऱ्या दिवशीं पहिल्या धारेंतून काय येईल हें सांगावयास नको. विषमज्वर, कावीळ, अतिसार यांना घरांत येण्याची ही एक चोरवाट आहे. नळाला पाणी आल्याबरोबर पहिलीं कांहीं मिनिटें तें गढूळ किंवा वास येणारें असेल, तर तें पिऊं नये, उकळल्याशिवाय कोणाला देऊं नये, आणि नगरपालिकेला त्याच दिवशीं कळवावें.

गळती लपते याला एक कारण असें कीं आपण नळच लपविले. पेशवाईंत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालच्या बांधीव नळानें पुण्यांत आणलें, आणि तें शनिवारवाड्यांत व पेठांतल्या हौदांत खेळविलें. त्या नळावर अंतराअंतरानें उच्छ्वास बांधलेले होते. तेथून हवा बाहेर पडे, आणि माणसाला आंत डोकावून पाहतांहि येई. जें जमिनीखालीं गाडावयाचें, त्याला तपासणीसाठीं तोंड ठेवावें, हें शहाणपण त्या कारागिरांना होतें. आपण मात्र गुळगुळीत भिंतींच्या हौसेपायीं सारे नळ लाद्यांआड चिणले, आणि कोणता नळ कोठून जातो याचा साधा नकाशाहि जवळ ठेवला नाहीं.

आतां मोजण्याकडे वळूं. ही युक्ति जुनी आहे. १८७० नंतरच्या दशकांत लिव्हरपूल शहराचे अभियंते जॉर्ज डीकन यांनीं रात्रींचा प्रवाह मोजणारें एक मापक यंत्र प्रचारांत आणलें. गांव झोंपलेलें असतां नळांतून जें पाणी वाहतें, त्यांतलें बहुतेक गळतीचें असणार, असा साधा विचार त्यामागें होता. एकेक मोहल्ल्याची झडप बंद करीत गेलें, म्हणजे कोणत्या मोहल्ल्यानें प्रवाह घटला यावरून गळतीचा ठावठिकाणा लागे. हीच रीत आपल्या इमारतीला जशीच्या तशी लागूं पडते.

मुंबईतल्या नेहमींच्या इमारतींत पाण्याचा प्रवास असा: महानगरपालिकेचा मीटर, तेथून जमिनींतली टाकी, मग पंपानें गच्चीवरची टाकी, आणि तेथून खालीं घराघरांत. या प्रवासाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा तपासावा. नळाला पाणी आलेलें असतां खालच्या टाकीच्या तोंडाशीं असलेली झडप बंद करावी, आणि मीटर पाहावा. पुष्कळशा मीटरांवर अगदीं बारीक प्रवाहानेंहि फिरणारें एक चिमुकलें चक्र असतें. झडप घट्ट बंद असूनहि तें फिरत राहिलें, तर मीटर आणि टाकी यांच्या मधला नळ फुटका आहे.

टाकीची परीक्षा याहून सोपी. टाकी भरल्यावर झडप व पंप दोन्ही बंद ठेवावे, पाण्याच्या पातळीशीं खूण करावी, आणि सकाळीं पाहावें. तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद टाकींतली पातळी एक सेंटिमीटर उतरली, तर ६० लिटर पाणी गेलें असें समजावें. पातळी उतरण्याऐवजीं चढली, तर गोष्ट अधिक गंभीर. झडप नीट बसलेली असूनहि असें घडलें, तर बाहेरचें पाणी आंत शिरत आहे.

शेवटीं गच्चीवरची टाकी. रात्रीं तिच्यांतून खालीं जाणारे सर्व नळ बंद करून तिचीच पातळी आधीं तपासावी. ती स्थिर राहिली, तर दुसऱ्या रात्रीं सर्व रहिवाशांनीं आपापल्या घरांतली मुख्य झडप लावून घ्यावी, आणि गच्चीवरचे नळ एकेक करून उघडावे. ज्या नळानें पातळी उतरली, त्या नळांतच दोष. हें करण्यास पैसा लागत नाहीं. एक खडू, एक घड्याळ, आणि शेजाऱ्यांचें एका रात्रीपुरतें एकमत पुरतें. यांपैकीं तिसरी वस्तु दुर्मिळ आहे, हें मी जाणून आहें.

घराच्या आंतली तपासणी गृहिणींच्या हातची आहे. संडासाच्या फ्लशच्या टांकींत खाण्याचा थोडा रंग टाकावा, आणि अर्धा तास साखळी ओढूं नये, बटणहि दाबूं नये. भांड्यांत रंग उतरला, तर टांकीची आंतली झडप गळते आहे. ही गळती अत्यंत सामान्य असून तिचा थेंबभरहि आवाज होत नाहीं. न्हाणीघराच्या जमिनीचा संशय असेल, तर निचऱ्याचें भोंक कापडाच्या बोळ्यानें घट्ट बंद करून दोन बोटें रंगीत पाणी चोवीस तास सांचवून ठेवावें, आणि खालच्या मजल्यावर काय उमटतें तें पाहावें.

ओलीच्या डागाचें रोजनामें ठेवणें याहूनहि उपयुक्त आहे. डागाच्या कडेनें पेन्सिलीची रेघ ओढावी व बाजूला तारीख लिहावी. डाग बारमहा, रात्रंदिवस सारखाच पसरत असेल, तर दाबाखालचा नळ फुटला आहे. वरचें बिऱ्हाड गांवीं गेलें कीं सुकत असेल आणि परतल्यावर पुन्हां ओला होत असेल, तर सांडपाण्याचा नळ किंवा लाद्यांचे सांधे दोषी आहेत. केवळ मृगापासून परतीच्या पावसापर्यंतच दिसत असेल, तर गच्ची किंवा बाहेरची भिंत पाहावी. आपल्याकडील पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येत असल्यामुळें पश्चिमेकडील व दक्षिणेकडील भिंती अधिक मार खातात. जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंतच ओल चढत असेल, तर ती बहुधा पायांतून येते. चार रोगांचीं चार औषधें आहेत. एकाचें दुसऱ्याला दिलें तर गुण येत नाहीं.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. पाणी जेथें दिसतें तेथेंच तें गळत असतें असें नाहीं. तें स्लॅबच्या उतारानें, तुळईच्या कडेनें, विजेच्या तारांच्या नळींतून दहा-पंधरा हात प्रवास करतें आणि सोईस्कर ठिकाणीं बाहेर पडतें. तेथेंच छिन्नी लावणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं!

मोजून तुकडा सांपडला, पण नेमकी जागा सांपडेना, तर मग तज्ज्ञाचीं उपकरणें कामाला येतात. पूर्वीं तज्ज्ञ एक काठी झडपेवर टेकवून दुसरें टोंक कानाला लावीत, आणि गळतीची सुसकार ऐकत. आतां त्या काठीच्या जागीं ध्वनिवर्धक आला आहे. नळाच्या दोन टोंकांना दोन कान लावून, आवाज कोणत्या कानाला किती आधीं पोंचला यावरून अंतर काढणारीं यंत्रेंहि आहेत. लोखंडी नळांत हा आवाज दूरवर जातो, प्लॅस्टिकच्या नळांत तो लवकर विरतो. उष्णता दाखविणारा कॅमेरा पुष्कळांना जादूचा वाटतो. पण तो भिंतीच्या आंतलें पाणी पाहत नाहीं, पृष्ठभागावरच्या थंड-गरम जागा तेवढ्या दाखवितो. हीं सारीं साधनें अनुभवी माणसाच्या हातांतच खरें बोलतात.

दुकानें, उपाहारगृहें, शाळा, कारखाने यांना तर साप्ताहिक सुटीसारखी दुसरी संधि नाहीं. शनिवारीं संध्याकाळीं टाक्या भरून, सर्व नळ बंद करून मीटरचा आंकडा लिहावा, आणि सोमवारीं सकाळीं उघडण्यापूर्वीं पुन्हां पाहावा. कोणी नसतांना पाणी गेलें असेल, तर तें कोठें गेलें हें विचारण्याचा मालकाला हक्क आहे. उपाहारगृहांत व कारखान्यांत टाकीचा बॉलकॉक अडकून वरचें पाणी गुपचूप गटारांत जाणें नित्याचें असतें. गोदामांत मालाची सर्वांत खालची थप्पी अधूनमधून हलवून पाहावी. कापडाच्या व कागदाच्या व्यापाऱ्याचें दिवाळें कधीं कधीं तेथेंच चालू असतें.

दुरुस्तीविषयीं थोडेंच सांगतों. ओल्या भिंतीवर रंग चढवणें ही दुरुस्ती नव्हे. त्यानें डाग झांकतो, पाणी चालूच राहतें. जुना लोखंडी नळ एके ठिकाणीं गंजून फुटला, तर इतरत्रहि तो तितकाच म्हातारा झालेला असतो. ठिगळें लावण्यापेक्षां तो सोडून देऊन नवा नळ भिंतीच्या बाहेरून, डोळ्यांसमोर न्यावा. सांधा जोडल्यावर दाब देऊन पाहावें, एक अहोरात्र भिंत उघडीच ठेवावी, आणि बुजविण्यापूर्वीं नळाचें छायाचित्र घेऊन ठेवावें. मग पहिल्यानें केलेली तीच मोजणी पुन्हां करावी. आंकडा स्थिर राहिला, तरच कारागिराचा हिशेब चुकता करावा.

शेवटचा प्रश्न माणसांचा आहे. खालच्या मजल्यावर ओल आली कीं वरच्यांना वाटतें, हे आपल्यावर आळ घेतात. खालच्यांना वाटतें, हे दार उघडीत नाहींत. वर्षानुवर्षें जिन्यांत वहिनी-वहिनी म्हणणाऱ्या दोन घरांत अबोला येतो, आणि खालच्या खोलींत एखादी दमेकरी आजी बुरशीचा वास घेत निजते. महाराष्ट्रांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याची स्थूल वांटणी केलेली आहे. पावसाच्या पाण्याची गळती, तसेंच बाहेरच्या सामाईक नळांची गळती, ही संस्थेनें दुरुस्त करावयाची. घरांतल्या न्हाणीची व संडासाची ज्याची त्यानें. पण गळती कोणाची हेंच ठरलें नसेल तर नियम काय करणार? तें ठरवण्याचें काम पेन्सिलीची रेघ, खडूची खूण आणि रंगीत पाणी यांचें आहे. तीं कोणाची बाजू घेत नाहींत. वरच्या बिऱ्हाडानें एक दिवस दार उघडावें, खालच्यानें एक दिवस आवाज खालीं ठेवावा, आणि दोघांनीं मिळून तें रंगीत पाणी पाहावें. बहुतेक भांडणें तेथेंच मिटतात; आणि जीं मिटत नाहींत, त्यांना निदान पुरावा तरी मिळतो.