भिंत कलली की कॅमेरा?



चाळीचा कोपरा कलला म्हणून आम्ही कामगार छायाचित्र पुढे ठेवतो, तेव्हा मालकाचा वकील विचारतो, "कोपरा कलला की कॅमेरा?" प्रश्न रास्त आहे. उंच इमारत मावावी म्हणून कॅमेरा वर रोखला की फिल्म ओळंब्यात राहत नाही. मग सरळ भिंतीही माथ्याकडे एकमेकींवर झुकतात.

यावर उपाय सरकत्या भिंगाचा. निकॉनने १९६२ साली ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यासाठी ते आणले. पाणसळ लावून कॅमेरा सरळ ठेवायचा आणि नुसते भिंग वर सरकवायचे. ते ११ मिलिमीटरपर्यंत सरकते. प्रकाश मात्र सरकवण्यापूर्वी मोजावा, नंतर प्रकाशमापक फसतो. भिंगाचे छिद्र लहान ठेवावे, नाहीतर कोपरे काळवंडतात.

निगा साधी आहे. काम झाले की भिंग शून्यावर आणावे. खाचेतली धूळ कोरड्या कुंचल्याने झाडावी. तेल घालू नये. ते पाझरून छिद्राच्या पाकळ्यांना चिकटते. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून भिंग कोरड्या डब्यात ठेवावे.

एवढे केल्यावर जी रेषा कललेली दिसेल, ती भिंतीचीच. गाऱ्हाणे खरे असेल, तर पुरावाही ओळंब्यात हवा.