दिसणे, असणे आणि ‘म्हणे’



‘शाळेने मला काय दिले’ यावर बोला, असे संयोजकांनी सांगितले. मी त्यातला एकच जिन्नस उचलतो: इंग्रजीतले क्रियाविशेषण. हसू नका, माझी सगळी नोकरी भाषांतरात गेली आहे.

आपल्याला इंग्रजी पाचवीपासून. आठवीत सरांनी फळ्यावर यादी लिहिली. ऑब्व्हियसली म्हणजे उघडपणे, एव्हिडंटली म्हणजे उघडपणे, अपॅरंटली म्हणजेही उघडपणे. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, “सर, अर्थ एकच, तर शब्द तीन कशाला?” सर म्हणाले, “तुमचा छळ करायला.” वर्ग हसला आणि तास संपला. सरांना दोष नाही, माझ्या खिशातल्या शब्दकोशातही तेच होते.

पुढे मी एका वकिलांकडे लागलो. पक्षकार मराठीत सांगायचे, मी ते इंग्रजीत उतरवायचो. एका बाईंचे यजमान ट्रकखाली सापडून गेले होते. भरपाईचा दावा होता. त्या म्हणाल्या, “ट्रक लई जोरात होता म्हणे.” मी लिहिले, ‘एव्हिडंटली’ ट्रक भरधाव होता. शब्द भारदस्त वाटला, एवढेच कारण.

उलटतपासात समोरच्या वकिलांनी विचारले, “ट्रक भरधाव होता हे तुम्ही पाहिलंत?” बाई म्हणाल्या, “मी घरी होते. लोकांनी सांगितलं.” “मग प्रतिज्ञापत्रात तर उघड दिसत होतं असं लिहिलंय. खरं कुठलं?” बाई गप्प. २०२४पर्यंत लागू असलेल्या १८७२च्या पुरावा कायद्याचे कलम ६० सांगायचे की, डोळ्यांनी दिसण्याजोगी गोष्ट असेल तर ती पाहणाऱ्यानेच सांगितली पाहिजे. बाईंनी तर आपण पाहिलेच नाही हे एका ‘म्हणे’त प्रामाणिकपणे सांगितले होते. ते मी खाल्ले. इतर साक्षीदार होते म्हणून दावा निभावला. पण बाहेर व्हरांड्यात त्या मला म्हणाल्या, “दादा, मी खोटं बोलले नव्हते.” यावर मला काही बोलता आले नाही.

त्या रात्री मागच्या बाकावरचा प्रश्न पुन्हा घेऊन बसलो. ऑब्व्हियसली म्हणजे कोणालाही पटेल असे, उघडच. एव्हिडंटली म्हणजे समोर खुणा आहेत आणि त्यावरून मी म्हणतो. अंगण ओले आहे, म्हणजे पाऊस पडून गेला असणार. सीमिंगली म्हणजे वरवर पाहता, आत वेगळे असू शकेल. ऑस्टेन्सिबली तर फारच मिश्कील. वही मागायच्या निमित्ताने आपल्यातले काही जण मुलींच्या वर्गापाशी जात, ते ऑस्टेन्सिबली वहीसाठीच. (नावे घेत नाही, सौभाग्यवती सोबत आल्या आहेत.) आणि अपॅरंटली? कायद्याच्या भाषेत ‘अपॅरंट’ चूक म्हणजे ढळढळीत दिसणारी चूक. पण शेपूट लावून बोलण्यात आला की तोच शब्द बहुतेक वेळा आपल्या ‘म्हणे’च्या जागी उभा राहतो. बाईंसाठी मला तो हवा होता. खरे तर तोही नको, ‘लोकांनी मला सांगितले’ एवढे सरळ वाक्य पुरले असते.

आणखी एक सांगतो, कारण यावर आपण सगळ्यांनी छड्या खाल्ल्या आहेत. ‘ही लुक्स हॅपिली’ का चुकते? आपण तरी ‘तो आनंदाने दिसतो’ कुठे म्हणतो? ‘आनंदी दिसतो’ म्हणतो. इंग्रजीत पाहणे आणि दिसणे या दोन्हींना एकच ‘लुक’. पाहिले तर रागाने पाहिले, तिथे ‘अँग्रिली’. दिसला तर रागावलेला दिसला, तिथे नुसते ‘अँग्री’. मराठीत आधी विचारले असते तर निम्म्या छड्या वाचल्या असत्या. सर हसताहेत, म्हणजे एव्हिडंटली त्यांना पटले आहे.

त्यानंतर मी कोणाचाही ‘म्हणे’ गाळला नाही. जबाब वाचून दाखवताना एकेका वाक्यावर थांबून विचारायचो, “हे पाहिलंत की ऐकलंत?” वकीलसाहेब घड्याळ बघायचे. बघू देत.

आता संयोजकही घड्याळ बघताहेत. जेवणात पुरणपोळी आहे म्हणे. मी अजून पाहिलेली नाही.