संगणकांतील वाद्यांचा ठावठिकाणा

दोन वर्षांपूर्वीं रचलेलें एखादें गीत संगणकावर पुन्हां उघडावें, तबला वाजावा, तानपुरा झंकारावा, आणि जेथें सारंगीनें सूर धरावयाचा तेथें मात्र निखळ शांतता असावी, हा अनुभव अनेक संगीतरचनाकारांना येतो. पडद्यावर सूचना दिसते कीं, अमुक प्लगइन सांपडत नाहीं. ध्वनिमुद्रण दुसऱ्याच दिवशीं असेल, तर त्या रचनाकाराचा धीर सुटतो व तो तेंच वाद्य पुन्हां पुन्हां बसवूं लागतो. वास्तविक बहुतेक वेळां वाद्य नाहींसें झालेलें नसतें. त्याचा ठिकाणा तेवढा चुकलेला असतो.

प्लगइन हें स्वतंत्र वाद्य किंवा ध्वनिसंस्कार करणारें साधन असून तें मुख्य प्रोग्रॅमच्या आश्रयानें चालतें. हा मुख्य प्रोग्रॅम सारा संगणक धुंडाळीत नाहीं. टपालवाला जसा पाकिटावरील पत्त्यावरच जातो, तसा तो नेमून दिलेलीं फोल्डरेंच पाहतो. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीनें १९९६ सालीं व्हीएसटी ही पद्धति प्रचारांत आणली. परंतु विंडोजवर तिच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत सर्वमान्य असें एक स्थान नव्हतें. ज्यानें त्यानें आपापली जागा निवडली, आणि घोटाळ्याचें मूळ तेंच झालें. २००८ सालीं आलेल्या तिसऱ्या आवृत्तीला मात्र निश्चित घर आहे: सी ड्राइव्हवरील प्रोग्रॅम फाइल्स, त्यांतील कॉमन फाइल्स, व त्यांतील व्हीएसटी३ हें फोल्डर.

तेव्हां शोध क्रमानें घ्यावा. प्रथम ती फाइल जागेवर आहे कीं नाहीं हें पाहावें. दुसऱ्या आवृत्तीच्या फाइलीचें नांव विंडोजवर डीएलएल या अक्षरांनीं संपतें, तिसरीचें व्हीएसटी३ असें संपतें. फाइल असेल, तर तें फोल्डर मुख्य प्रोग्रॅमच्या यादींत आहे काय, हें तपासावें व नव्यानें स्कॅन करावें. पूर्वीं एखाद्या स्कॅनच्या वेळीं बंद पडलेलें प्लगइन कित्येक प्रोग्रॅम वर्ज्य यादींत टाकतात, तीही पाहावी. नंतर जात जुळते कीं नाहीं याचा विचार करावा. ६४ बिटांचा प्रोग्रॅम ३२ बिटांचें जुनें प्लगइन मध्यस्थावांचून सहसा उघडीत नाहीं. ॲपलचा लॉजिक प्रो केवळ ऑडिओ युनिट जातीचीं प्लगइनें स्वीकारतो. त्याच्यापुढें व्हीएसटी ठेवणें व्यर्थ होय. एवढें करूनही यश न आल्यास मगच पुन्हां स्थापना करावी.

स्थान निवडतांना एक भेद ध्यानांत ठेवावा. प्लगइनची फाइल लहान असते. ती नेमल्या घरींच असूं द्यावी. दुसऱ्या आवृत्तीसाठीं एकच फोल्डर ठरवावें व प्रत्येक स्थापनेच्या वेळीं तेंच दाखवावें. उलट वाद्यांच्या ध्वनिनमुन्यांचे संग्रह पुष्कळदां अनेक गिगाबाइटांचे असतात. ते दुसऱ्या वेगवान ड्राइव्हवर खुशाल ठेवावेत. मात्र ते हातानें उचलून हलवूं नयेत. निर्मात्यानें स्थलांतराची सोय दिली असेल तर तिचाच उपयोग करावा. बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हला विंडोज कधीं डी, तर कधीं ई अक्षर देतें, आणि तेवढ्यानेंही संग्रहाचा मार्ग तुटतो. यास्तव त्याला एक अक्षर कायमचें नेमून द्यावें.

आणखी एक सावधगिरी हवी. प्लगइनें कालबाह्य होतात. ॲपलनें २०१९ सालच्या कॅटालिना प्रणालींत ३२ बिटांचे प्रोग्रॅम चालविणें बंद केलें, व त्यांबरोबर कित्येक जुनीं वाद्यें मुकीं झालीं. म्हणून रचना पुरी होतांच तिचा प्रत्येक ट्रॅक वेव्ह फाइलीच्या रूपानें निराळा उतरवून ठेवावा. मग सारंगीचें प्लगइन उद्यां खरोखरच नाहींसें झालें, तरी तिनें एकदां लावलेला सूर रचनाकाराच्या संग्रहीं राहील.