बोर्ड आणि त्याचे सोबती

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिरियापट्टण हे तालुक्याचे गाव लागते. ‘पिरिय’ म्हणजे जुन्या कन्नडमध्ये थोर, मोठे. पुढे त्या भाषेत शब्दारंभीच्या प-चा ह झाला आणि ‘पिरिय’चे ‘हिरिय’ झाले. गावाने मात्र आपला जुना प सोडला नाही. या तालुक्यात आणि शेजारच्या हुणसूरात व्हर्जिनिया तंबाखू पिकते. पाने काठ्यांना बांधून भट्टीघरात टांगायची, नळ्यांतून खेळवलेल्या उष्णतेवर वाळवायची, त्यांची प्रतवारी करायची आणि गासड्या बांधून लिलावाला न्यायची, असा तिथल्या शेतकऱ्याचा क्रम. लिलाव भरतो तो टोबॅको बोर्डाच्या देखरेखीखाली. १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेले हे बोर्ड १ जानेवारी १९७६ रोजी अस्तित्वात आले, त्याची मुख्य कचेरी गुंटूरला आहे, आणि कर्नाटकात त्याचे लिलाव १९८४ पासून सुरू झाले. भट्टीचा परवाना बोर्ड देते. पीक किती घ्यायचे तेही बोर्डच ठरवते.

तेव्हा अशा घरात ‘बोर्ड’ या शब्दाचा लाकडाशी काही संबंध उरलेला नसतो. बोर्ड म्हणजे परवाना, बोर्ड म्हणजे भाव, बोर्ड म्हणजे वर्षाची कमाई. त्याच घरातले मूल शाळेत जाते आणि शब्दार्थाच्या वहीत लिहून घेते की बोर्ड म्हणजे फळा. बाप चुकला नाही, मूलही चुकले नाही. चुकते ती एका शब्दापुढे एकच अर्थ लिहिण्याची वही.

इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ फळी. जहाजाची बाजू हाही त्याचा फार जुना अर्थ. फळी आडवी टाकली की मेज होते. मेजावर जेवण वाढले जाते, म्हणून बोर्ड म्हणजे जेवण. मेजाभोवती माणसे विचारविनिमयाला बसतात, म्हणून बोर्ड म्हणजे मंडळ. कप ठेवण्याची फळी ती कपबोर्ड. आणि आपले ‘कपाट’ त्याच्याशी कितीही मिळतेजुळते वाटले तरी ते संस्कृतातून आलेले आहे, तिथे त्याचा अर्थ दार. असे योगायोग भाषेत पुष्कळ भेटतात आणि हौशी व्युत्पत्तिकारांना ते हमखास फसवतात.

अर्थ इतके असताना इंग्रज माणूस गोंधळत कसा नाही? कारण शब्द त्याच्यापुढे एकटा येतच नाही. नोटीस, चॉपिंग, डायव्हिंग हे शब्द पुढे आले की फळी. ‘ऑफ डायरेक्टर्स’ मागून आले की मंडळ. ‘लॉजिंग’ शेजारी बसला की जेवण. ‘पास’ जोडला गेला की विमान. कधी कधी तर एवढासा ‘द’ सारा अर्थ फिरवतो. ‘शी इज ऑन बोर्ड’ म्हटले तर ती जहाजावर चढली आहे. ‘शी इज ऑन द बोर्ड’ म्हटले तर ती संचालक मंडळावर आहे. मराठीत ‘द’ नाही, त्यामुळे आपल्या मुलांच्या हातून तो गळतो आणि संचालिका बाई थेट समुद्रात निघतात.

काही जोड्यांत तर जुन्या काळचा देखावाच गोठून राहिला आहे. पत्ते खेळताना हात मेजाच्या वर, सर्वांना दिसतील असे ठेवले, म्हणजे लबाडीला वाव नाही. त्यावरून सचोटीचा व्यवहार तो ‘अबव्ह बोर्ड’. वादळात डोलकाठी मोडून जहाजाच्या बाजूवरून पाण्यात गेली की ती ‘बाय द बोर्ड’ गेली. आज कोणाचे बेतही तसेच जातात. एखादी सूचना ‘ऑन बोर्ड’ घेतली जाते, ती जहाजावर माल चढवावा तशी. हे नुसत्या शब्दार्थावरून कोणाला कळणार?

ज्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने या सहवासाला सिद्धान्ताचे स्थान दिले तो जे. आर. फर्थ. शब्द कोणाच्या संगतीत वावरतो यावरून त्याचा अर्थ ओळखावा, असे त्याचे म्हणणे. त्याच्याही आधी हॅरॉल्ड पामर याने टोकियोत राहून इंग्रजीतील अशा जोड्या गोळा केल्या आणि १९३३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याचा सहकारी ए. एस. हॉर्नबी याचा परभाषकांसाठीचा कोश १९४२ मध्ये जपानातच निघाला आणि पुढे ऑक्सफर्डने तो जगभर पोचवला. ही निकड लंडनमध्ये नव्हे, टोकियोच्या वर्गात भासली, यात नवल नाही. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला या जोड्या दिसतच नाहीत. त्या दिसतात बाहेरून येणाऱ्याला. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला मुलाखतीच्या खोलीत ज्या इंग्रजीची धास्ती वाटते, ती बहुधा अवघड शब्दांची नसते. सोपे शब्द त्याला येत असतात, पण त्यांचे सोबती ठाऊक नसतात. ‘परीक्षा देणे’ त्याच्या कानात पक्के बसलेले असते. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘घेतो’ किंवा तिला ‘बसतो’, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. याला बुद्धीची उणीव म्हणणे अन्यायाचे आहे.

शिवाय मराठीही या बाबतीत काही भोळी नाही. ‘पट’ हा शब्द घ्यावा. बुद्धिबळाचा पट, शाळेचा हजेरीपट, चित्रपट. पट मांडता येतो, उधळता येतो, पटावर नाव चढते आणि कमीही होते. मराठी शाळांच्या चालकांना अलीकडे ‘पट’ म्हटले की खेळ आठवत नाही, पटसंख्येची चिंता आठवते. ‘मंडळी’ शब्दाची गंमत तर पिरियापट्टणातच अनुभवावी. कन्नडमध्ये बोर्डाला ‘मंडळी’ म्हणतात, म्हणून टोबॅको बोर्ड तिथे ‘तंबाकू मंडळी’ होते. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र पारावर बसून चुना मळणारे लोक उभे राहतात. आपल्याकडे मंडळी म्हणजे माणसे, नाटकाच्या जोडीने आली तर नाटक कंपनी, आणि जुन्या पिढीच्या तोंडी ‘आमची मंडळी’ म्हणजे पत्नी.

आणि बोर्ड मराठीत आले तेही स्वतःचे सोबती जमवत. नाटकाला ‘हाउसफुलचा बोर्ड लागतो’. कॅरममध्ये बोर्ड म्हणजे एक डाव. पंचवीस गुण किंवा आठ बोर्ड, असा खेळाचा हिशेब. १ जानेवारी १९६६ रोजी महाराष्ट्राचे परीक्षा मंडळ स्थापन झाले, आणि ‘मुलगा बोर्डात आला’ हे वाक्य घरोघरी पेढ्यांसह पोचू लागले. गुणवत्ता यादीत येणे हा या शब्दाचा अर्थ इंग्रजांच्या कोणत्याही कोशात सापडायचा नाही. यादी पुढे बंद झाली, तरी वाक्य जुन्या पिढीच्या तोंडून गेले नाही.

सर्वांत मोलाची जोडी मात्र ‘बोर्डिंग’ ही. इंग्रजांच्या कानाला या शब्दात श्रीमंतांच्या मुलांची निवासी शाळा ऐकू येते. महाराष्ट्रात ती गरिबाच्या मुलाच्या भाकरीची सोय झाली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगे त्या शहरात उभी राहिली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे बोर्डिंग सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. ‘बोर्ड’ म्हणजे मेजावरचे अन्न, हा इंग्रजी कोशातला मागे पडलेला अर्थ. साताऱ्याच्या त्या मुलांनी तो कोश न उघडताच, जमिनीवर पंगतीला बसून शिकून घेतला होता.