झटका मशीन घेताना



गटाच्या कर्जातून शेळ्या आल्या, पडीक तुकड्यात गवत आणि सुबाभूळ लावली, की पुढचा प्रश्न कुंपणाचा येतो. शेळ्या आत राहायला हव्यात, रानडुकरं आणि मोकाट जनावरं बाहेर. सगळीकडून जाळी मारायची तर गटाला झेपत नाही. मग कुणीतरी सुचवतं, झटका मशीन घेऊ. मशीन चांगलंच आहे. पण स्वस्त काय, महाग काय, बाहेरून डबे सारखेच दिसतात. म्हणून आज जरा त्याच्या पोटात काय असतं ते बोलू.

घरातली वीज २३० व्होल्टची आणि ती सतत वाहते. अशा तारेला हात लागला की स्नायू आखडतात, मूठ मिटते आणि माणसाला सुटता येत नाही. झटका मशीनचे व्होल्ट खूप जास्त असतात, सात-आठ हजारसुद्धा. पण तो झटका सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यापुरता येतो आणि दोन झटक्यांमध्ये साधारण एक सेकंद तार मोकळी असते. त्या सेकंदात हात मागे येतो. शेळी ओरडते, मागे उडी मारते आणि दुसऱ्यांदा त्या वाटेला जात नाही.

म्हणून घरात कुणी म्हणालं, "मशीनला पैसे कशाला, थेट लाइन सोडू रात्रीपुरती," तर तिथेच अडवा. तशा तारांना लागून आपल्याकडे माणसं मेली आहेत, वाघही मेले आहेत. पहाटे वावरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं, सरपणाला कोण जातं, शेळ्यांमागे कुणाचं लेकरू धावतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. शिवाय वीजचोरीचा गुन्हा विद्युत कायदा २००३ खाली, आणि जंगली जनावर मेलं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली वेगळा गुन्हा. माणूस गेला तर घरचा कर्ता माणूस तुरुंगात.

याच कारणानं गल्लीतल्या वाइंडिंगवाल्यानं जुळवून दिलेला डबाही घेऊ नका. कुंपणाच्या मशीनसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३०२ भाग २-७६. मशीन त्याप्रमाणे आहे का, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला तो का-कू करत असेल तर पुढच्या दुकानात जा.

आता केवढं मशीन घ्यायचं? दुकानदार एकराची भाषा करतो. "हे दहा एकरांचं, ताई." पण मशीनला एकर कळत नाही, त्याला तार कळते. दोन एकरांचा चौकोनी तुकडा असेल तर त्याचा घेर साधारण ३६० मीटर. तेच दोन एकर पट्टीसारखे असतील, ३० मीटर रुंद आणि २७० मीटर लांब, तर घेर ६०० मीटर. शेळ्यांसाठी पाच तारा लागतात, कारण शेळी खालून घुसते, मधून डोकं घालते. म्हणजे चौकोनाला १८०० मीटर तार आणि पट्टीला ३००० मीटर. जमीन तेवढीच, तार दीडपटीहून जास्त. दुकानात जाण्याआधी दोरीनं घेर मोजा, त्याला तारांच्या संख्येनं गुणा आणि तो आकडा सांगा.

मशीनची ताकद जूलमध्ये मोजतात. डब्यावर कधी आत साठणाऱ्या ऊर्जेचे जूल लिहितात, कधी बाहेर तारेत पडणाऱ्या. आपल्याला बाहेरचे हवेत, तेच विचारा. ढोबळ हिशेब असा की दीड किलोमीटर तारेला १ जूल. पावसाळ्यात गवत तारेवर चढतं आणि झटका तिथेच जमिनीत गळतो, म्हणून थोडं जास्त घ्या. पण खूप मोठं नको. सुरक्षेच्या मानकात एका झटक्याला ५ जूलची मर्यादा आहे. कुंपण झाल्यावर सगळ्यात लांबच्या टोकाला मीटर लावून बघायचं. शेळीच्या केसांतून झटका पोचायला तिथे ४ हजार व्होल्ट तरी दिसायला हवेत.

बॅटरीचा हिशेब साधा आहे. समजा, मशीन अर्धा अँपिअर ओढतं. रात्रीचे १२ तास म्हणजे ६ अँपिअर-तास. तीन दिवस आभाळ राहिलं तर १८. बॅटरी अर्ध्याखाली उतरवू नये, म्हणून ४० ची घ्यायची. आपल्या मशीनवरचा आकडा घेऊन हाच हिशेब करा. दिवसाही चालवायचं असेल तर दुप्पट, आणि पॅनेलही तसं.

इतकं करूनही बऱ्याच ठिकाणी मशीन "बिघडतं". खरं तर बिघडतं अर्थिंग. झटका तारेतून जनावरात, जनावरातून मातीत आणि मातीतून परत मशीनकडे आला तरच लागतो. एप्रिल-मेमध्ये माती वाळते, वाट तुटते, शेळी आरामात तार ढकलून जाते आणि आपण दुकानदाराला शिव्या देतो. अर्थिंगला एक सळई पुरत नाही. सहा-सहा फुटांच्या तीन जीआय सळया, एकमेकींपासून दहा फुटांवर, ओलसर जागी ठोका. हातपंपाचं सांडपाणी जातं ती जागा उत्तम. घरच्या अर्थिंगला किंवा डीपीच्या अर्थिंगला हे जोडायचं नाही, जवळही नको. उन्हाळा कडक असेल तिथे पाचपैकी दोन तारा, एक सोडून एक, अर्थिंगला जोडा. शेळीनं मध्ये डोकं घातलं की दोन्ही तारा एकदम लागतात, कोरड्या मातीचा प्रश्नच राहत नाही.

काटेरी तारेत झटका सोडू नका. माणूस किंवा जनावर अडकलं तर सुटत नाही. पिवळी पाटी रस्त्याच्या बाजूला लावा, चित्रासकट, म्हणजे लहान पोरांनाही कळेल. वनालगतच्या गावांत सौर कुंपणाला जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं, खरेदीआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

आणि नव्या शेळ्या पहिल्याच दिवशी मोकळ्या सोडू नका. दोन-तीन दिवस छोट्या वाड्यात, एका बाजूला झटक्याची तार ओढून, दिवसाउजेडी ठेवा. घाबरलेली शेळी अनोळखी तारेत पुढेच उडी मारते. एकदा नाक लावून शिकली की मागे सरते.