गलाथियाच्या वाळूला बदली नाही



भारताचे दक्षिण टोक कन्याकुमारीला संपत नाही. ते ग्रेट निकोबार बेटावर, इंदिरा पॉइंटला आहे. सुमारे ९०० चौरस किलोमीटरच्या या बेटावर गलाथिया नदी दक्षिणेकडे वाहत जिथे समुद्राला मिळते, तिथल्या उपसागराला १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने तो काढून घ्यायला संमती दिली. त्याच महिन्यात प्रसिद्ध झालेल्या सागरी कासवांच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात मात्र हाच किनारा कासवांच्या विणीसाठी महत्त्वाचा म्हणून नोंदलेला आहे. इथे ट्रान्सशिपमेंट बंदर, म्हणजे एका जहाजातला माल दुसऱ्यात चढवण्याचे बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवे शहर उभारायचे आहे, त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन द्यायची आहे, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला पर्यावरण मंजुरीही मिळाली. मला आज एकच मुद्दा मांडायचा आहे. जिवाचे घर क्षेत्रफळाने मोजता येत नाही, म्हणून त्याची भरपाईही क्षेत्रफळाने होत नाही.

घर म्हणजे काय, हे त्या किनाऱ्यावरच पाहू. लेदरबॅक हे जगातले सर्वांत मोठे कासव. पाठीवर कठीण कवचाऐवजी चामड्यासारखी कातडी, लांबी दोन मीटरपर्यंत, वजन बहुधा तीनशे किलोच्या पुढे. एवढे धूड वाळूवर चढायचे तर किनाऱ्यालगतच खोल पाणी हवे, वाटेत खडक नकोत आणि वर मोकळी वाळू हवी. मादी रात्री येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणते, अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि परत जाते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या वाळूची ऊब ठरवते. साधारण दोन महिन्यांनी पिल्ले रात्रीच बाहेर पडतात आणि जिकडे क्षितिज उजळ तिकडे धाव घेतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर उजळ असतो तो समुद्र. बंदराचे दिवे लागले की उजळते ती जमीन. म्हणून उपसागराचा एक काठ विणीसाठी मोकळा ठेवू, एवढ्याने भागत नाही. किनाऱ्यामागच्या झाडीत निकोबार मेगापोड राहतो. निकोबार बेटांखेरीज तो जगात कुठेही नाही. हा पक्षी अंड्यांवर बसत नाही. वाळू, माती आणि पालापाचोळा उकरून मोठा ढीग रचतो, अंडी त्यात पुरतो, आणि कुजणाऱ्या पाल्याची धग ती उबवते. हे ढीग बहुतेक किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्टीतच असतात. ती पट्टी गेली तर आतले जंगल कितीही घनदाट राखले, तरी या पक्ष्याचा संसार मोडतो.

यावर पहिला आक्षेप असा, की तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात दुसरीकडे झाडे लावली जातील. ही लागवड हरियाणात योजली गेली. हरियाणात झाडे जरूर लावावीत, पण तिथे समुद्र नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : लिटल निकोबारवर कासवांसाठी आणि मेंचल बेटावर मेगापोडसाठी अभयारण्ये घोषित झाली आहेत. ती स्वागतार्हच आहेत. परंतु तिथली घरटी आधीपासूनच तिथे होती. उरलेल्या घराला कुलूप लावल्याने पाडलेले घर उभे राहत नाही. कोणी आपल्या कोकणातल्या वेळासचा दाखला देईल. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी उचलून कुंपणात ठेवतात आणि पिल्ले सुखरूप समुद्रात जातात, हे खरेच आहे. पण ते कुंपण त्याच किनाऱ्यावर असते आणि पिल्ले त्याच समुद्रात सोडली जातात. वेळासच्या गावकऱ्यांनी किनारा राखला, म्हणून अंडी राखता आली.

तिसरा आक्षेप त्सुनामीचा. २००४ मध्ये बेटाचे दक्षिण टोक चार मीटरांहून अधिक खचले, गलाथियाची वाळू वाहून गेली, मेगापोडची संख्या फार घटली. तरी पुढे वाळू पुन्हा साठली आणि कासवे परतली. मग निसर्ग बंदरही पचवील, असे म्हणतात. पण वाळू परत आली ती नदी आणि लाटा मोकळ्या होत्या म्हणून. लाट एकदा येऊन ओसरते. बंदराची भिंत आणि गाळ उपसणारी यंत्रे कायमची राहतात.

उरतो देशाच्या संरक्षणाचा प्रश्न, आणि तो हलका नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जलमार्ग या बेटाजवळून जातो. मात्र आपला पहारा तिथे आधीपासून आहे. १९६९ पासून बेटावरच्या कॅम्पबेल बे परिसरात माजी सैनिकांची कुटुंबे वसवली गेली, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. २०१२ मध्ये नौदलाचा आयएनएस बाझ हा हवाई तळ सुरू झाला. तो जरूर बळकट करावा. त्यासाठी व्यापारी बंदर आणि शहर लागत नाही, आणि ट्रान्सशिपमेंटसाठी केरळात विझिंजम बंदर उभे राहिले आहे. संरक्षणाची गरज खरी आहे. तिच्या आडोशाने गलाथियाचा सौदा होऊ नये.

या जंगलात शोंपेन आदिवासी राहतात, आणि त्सुनामीने विस्थापित झालेले निकोबारी आपल्या जुन्या गावांकडे परत जाऊ मागतात. त्यांच्या हयातीत, त्यांच्या वावरात हे जंगल आणि हा किनारा आजवर टिकला. म्हणून त्यांना त्यांची गावे आणि गलाथियाला तिचे अभयारण्य परत मिळावे, ही एकच मागणी आहे. बंदरासाठी दुसरा किनारा शोधता येतो, कारण शोधणारी माणसे आहेत. अंडी घालायला निघालेल्या मादीसाठी तो शोध आपण करू शकत नाही. आपण फक्त तिची वाळू मोकळी ठेवू शकतो.